शनिवारची कवळी

कवळ्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात त्याला सगळे अक्कलदाढ म्हणत. हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणाला आठवत नाही, पण का ठेवलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. बाकीचे कामगार मिसरूड फुटायच्या वयात तिथे चिकटलेले. हा गडी मात्र अर्धं आयुष्य गाद्यांच्या दुकानात कापूस भरण्यात घालवून, कानशिलं पांढरी झाल्यावर आला. बसायला जागा नव्हती. मग मोरीशेजारच्या कोपऱ्यात एक टेबल तिरकं घुसवून त्याची सोय केली, आणि त्यापायी शेजारच्या पॉलिशवाल्याला आपलं टेबल वीतभर सरकवावं लागलं. उशिरा आला, कोपऱ्यात आला, तिरका आला आणि येताना शेजाऱ्याला त्रास देऊन आला. इतकं चपखल टोपणनाव शोधून सापडायचं नाही.

कारखाना म्हटल्यावर भोंगा आणि चिमणी डोळ्यांपुढे आणू नये. औषधाच्या दुकानावरचा एक लांबट हॉल, भिंतीकडे तोंड केलेली टेबलं, प्रत्येक टेबलावर स्पिरिटचा दिवा, मेणाच्या पट्ट्या आणि दातांची पाकिटं, एवढाच पसारा. दातांचे डॉक्टर जबड्यांची मापं घेऊन इथे पाठवत. इथली माणसं त्यावरून साचे ओतत, मेणात एकेक दात बसवत आणि शेवटी मेणाच्या जागी गुलाबी पूड शिजवून कवळी तयार करत. प्लास्टरचा धुरळा सगळ्यांच्या अंगावर सारखाच बसे, त्यामुळे संध्याकाळी जिना उतरताना मंडळी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसत.

अक्कलदाढ कामात बरा होता. बोटांत जादू वगैरे काही नव्हती, पण एक दात मनासारखा बसेपर्यंत तो हलत नसे, आणि मालकाच्या मते हाच त्याचा सगळ्यात मोठा दोष होता. माणसांचे चेहरे त्याच्या लक्षात राहत नसत. तोंडं राहत. एका लग्नात सख्खा मावसभाऊ समोर उभा असून याने ओळख दाखवली नाही. भाऊ रागावून काही बोलायला गेला तेव्हा त्याचा वाकडा सुळा दिसला आणि याने त्याला कडकडून मिठी मारली.

असा माणूस, आणि घरात बिनदातांची सासू.

सासूबाई सासऱ्यांच्या मागे लेकीकडे राहायला आल्या त्याला बरीच वर्षं झाली होती. लेकीला वीज कार्यालयातला कारकून मिळावा अशी त्यांची इच्छा होती. मिळाला गादीवाला. तेव्हापासून त्यांनी जावयाशी थेट बोलणं बंद ठेवलं होतं. भांडण नव्हतं, अबोला म्हणावा तर तोही नव्हता, कारण जावयाला उद्देशून त्या दिवसभर बोलत. फक्त ते लेकीमार्फत. ‘तुझ्या नवऱ्याला सांग, चप्पल दारात काढू नको.’ ‘तुझ्या नवऱ्याला विचार, चहा घेणार का.’ लेक न्हाणीघरात असली तरी हा व्यवहार थांबत नसे. त्या दाराकडे बघून बोलत, आतून पाण्याचा आवाज येत राही, आणि जावई निमूटपणे चप्पल उचलून बाहेर ठेवी.

कवळीचं काम हातात बसल्यावर त्याने पहिली कवळी केली ती सासूबाईंची. वरची ठीक बसली. खालची बसेना. वयाबरोबर त्यांच्या खालच्या जबड्याचं हाड झिजून पार सपाट झालं होतं; त्यावर कवळी ठेवली की बोलताना ती वर येई आणि खाताना कुठेही जाई. त्याने दुसरी केली, तिसरी केली. शेवटी सासूबाईंनी खालचीवरची दोन्ही काढून एका काचेच्या वाटीत ठेवली आणि ती वाटी बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेला पडेल अशा फळीवर मांडली. पाहुण्यांनी विचारलं की त्या म्हणत, ‘आमचे जावई जगाला दात बसवतात.’ एवढंच. पुढचं त्यांच्या बोळक्या तोंडाकडे पाहून ज्याचं त्याला कळे.

अक्कलदाढला हे लागायचं. तो कोणाला बोलला नाही, बायकोलाही नाही, पण त्या फळीवरून नजर जाऊ नये म्हणून तो वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसे, आणि सासूबाईंना मऊ भात बोटाने कुस्करताना बघितलं की त्याचं जेवण उतरत नसे.

आता मालकाबद्दल. मालक वाईट माणूस नव्हता. त्याला स्वतःच्या मालाचा गर्व होता आणि गर्वाची निशाणी तो खिशात घेऊन फिरे. ती म्हणजे पितळेचा एक छोटा शिक्का, टोकाला चांदणी. तयार झालेली प्रत्येक कवळी मालक स्वतः हातात घेई, उलटसुलट करी, दिव्यावर शिक्का तापवी आणि आतल्या बाजूला, जीभ लागते तिथे, चांदणी उठवी. चांदणी उठली की माल कारखान्याचा. ती नसेल तर कवळी दाराबाहेर जात नसे, आणि असेल तर तिच्यावर पुन्हा कानस फिरवायची कोणाला परवानगी नव्हती. शिक्का त्याने कधी दुसऱ्याच्या हातात दिला नाही. हाताला मात्र त्याची इतकी सवय झाली होती की समोर काहीही आलं तरी चांदणी उठायची. एकदा फोनवर बोलता बोलता त्याने तापलेला शिक्का पॉलिशवाल्याच्या नव्या रबरी चपलेवर उठवला. पॉलिशवाला पुढे किती तरी दिवस ती कंपनीची चप्पल म्हणून घालत होता.

एके दिवशी मालकाने सगळ्यांना मधल्या टेबलाभोवती बोलावलं आणि सांगितलं की जग पुढे चाललंय. सपाट जबड्यावरसुद्धा घट्ट बसणारी खालची कवळी करायची नवी पद्धत आली आहे, ती शिकवायला बाहेरगावचे एक मास्तर दर शनिवारी दुपारी, म्हणजे कारखान्याची सुट्टी झाल्यावर, येणार आहेत. हे शिक्षण फुकट आहे. आणि येणं ऐच्छिक आहे.

“ज्यांना प्रगती नको असेल त्यांनी खुशाल घरी जावं,” मालक म्हणाला. “फक्त जाताना मला भेटून जावं.”

शनिवारी सगळे हजर होते. ऐच्छिक म्हणजे काय, ते पॉलिशवाल्याने जिन्यात समजावून सांगितलं. बायको माहेरच्या लग्नाला निघताना ‘तुम्ही नाही आलात तरी चालेल’ म्हणते ना, तसं. पॉलिशवाला शनिवारी दुपारी बाजारात कात्र्यांना धार लावून चार पैसे मिळवायचा, ते बंद झालं. मेणकाम करणाऱ्या बाईला पोरं शेजारणीकडे ठेवावी लागत आणि शेजारीण ऐच्छिक काम करत नव्हती. त्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी पैसे मिळणारा माणूस एकच, मास्तर. आणि सगळ्यात उशिरा तोच यायचा.

अक्कलदाढचं मात्र वेगळं होतं. ‘सपाट जबडा’ हे शब्द ऐकले तेव्हाच त्याचे कान टवकारले होते. मालकाने दाराला कुलूप लावलं असतं तरी तो खिडकीतून आत आला असता. सगळे कपाळाला आठ्या घालून बसत, आणि हा एकटा पुढच्या बाकावर, मास्तरांच्या नाकाखाली, वही न घेता नुसता बघत बसे.

मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की ही विद्या नुसत्या साच्यावर येत नाही, जिवंत जबडा लागतो. तेव्हा पुढच्या शनिवारी प्रत्येकाने घरून एक तोंड आणावं. घरून डबा आणावा इतक्या सहज त्यांनी हे सांगितलं. पुढच्या शनिवारी त्या जिन्यावरून जी वरात वर चढली ती औषधाच्या दुकानदाराने दुकान सोडून येऊन पाहिली. पॉलिशवाल्याने चुलते आणले होते. मेणवाल्या बाईच्या घरात सगळ्यांचे दात शाबूत निघाल्यामुळे तिने शेजारणीच्या सासऱ्यांना उसने आणलं होतं. आणि अक्कलदाढच्या मागून, लेकीचा हात धरून, सासूबाई आल्या. त्यांना आणण्यासाठी त्याला काही बोलावं लागलं नव्हतं. तिकडे काय चाललंय ते त्याने बायकोला सांगितलं, आणि दारामागून सासूबाई म्हणाल्या, ‘तुझ्या नवऱ्याला सांग, माझी ना नाही.’

मास्तरांची शिकवण्याची तऱ्हा अशी होती की शिष्याची कवळी तयार झाली की ते ती बारीक करवतीने मधोमध कापत आणि कुठे जाड झाली, कुठे पातळ, ते सगळ्यांना दाखवत. त्यामुळे शनिवारमागून शनिवार सगळ्यांच्या कवळ्या टोपलीत जमा होत. अक्कलदाढच्या पहिल्या दोनही तिथेच गेल्या. तिसऱ्या खेपेला त्याने माप पुन्हा घेतलं, सासूबाईंना गिळायला लावलं, ओठ पुढे काढायला लावले, जीभ बाहेर काढायला लावली. सासूने जावयाला जीभ दाखवायचा प्रसंग त्या घरात पहिलाच असावा. दोघांनीही चेहरे गंभीर ठेवले.

ती कवळी पॉलिश होऊन आली तेव्हा मालक टेबलांमधून फेरी मारत होता. त्याने ती उचलली, उजेडात धरली, बोटाने कडेवरून फिरवली, मान हलवली आणि मास्तरांशी बोलता बोलता खिशातून शिक्का काढून चांदणी उठवली. कोणाचं लक्ष नव्हतं. खुद्द मालकाचंही नव्हतं. अक्कलदाढचं होतं. पण त्याच्या डोक्यात त्या वेळी दुसरंच काही होतं: मास्तरांचा हात करवतीकडे चालला होता. त्याने तो हात धरला. आधी बसवून बघू, मग कापा, असं तो म्हणाला आणि मास्तर इतके चकित झाले की हो म्हणाले.

कवळी बसली का ते बघायला पेशंटला साठपासून सत्तरपर्यंत आकडे म्हणायला लावतात, कारण त्यात ‘स’चा भरणा असतो. सासूबाईंनी साठ म्हटलं, एकसष्ट म्हटलं, बासष्ट म्हटलं. खालची कवळी जागची हलली नाही. सत्तर आलं, मास्तर पुरे म्हणाले, पण सासूबाई थांबल्या नाहीत. बहात्तर, पंचाहत्तर, ऐंशी. सगळा हॉल हातातली कामं टाकून ऐकत होता. शंभर झाल्यावर त्यांनी तोंड मिटलं, जीभ आत फिरवली आणि लेकीकडे वळल्या.

“तुझ्या नवऱ्याला सांग, आत जिभेला काहीतरी खडबडीत लागतं.”

त्या संध्याकाळी सासूबाईंनी फळीवरच्या वाटीतली वरची कवळीही घातली आणि शेंगदाणे मागवले. आतल्या खोलीत बसून त्या खात होत्या आणि बाहेर अक्कलदाढ वर्तमानपत्र तोंडासमोर धरून तो कुडुमकुडुम आवाज ऐकत होता. वर्तमानपत्र उलटं होतं. इतका आनंद त्याला मुलगी झाली तेव्हाही झाला नव्हता, आणि हे मनात आल्याबद्दल त्याला थोडी लाजही वाटली. दुसऱ्या दिवशी फळीवरची काचेची वाटी नाहीशी झाली.

भानगड सुरू झाली ती पॉलिशवाल्यामुळे. त्याची मेहुणी एका मोठ्या दुकानात कामाला होती. तिच्याकडे असलं शिक्षण झालं की त्या वेळेचा पगार मिळतो, असं तिने सहज सांगितलं. पॉलिशवाल्याने ते सहज मालकाला विचारलं. मालकाने सहज सांगितलं की ऐच्छिक गोष्टीचा पगार नसतो. तुम्ही तुमच्या स्वतःच्या भल्यासाठी शिकलात, वर प्लास्टर माझं, पूड माझी, दिव्यातलं स्पिरिटसुद्धा माझं. मग सहजपणा संपला. सगळ्यांनी मिळून कामगार कार्यालयात अर्ज केला. अक्कलदाढनेही सही केली, कारण सही न करण्यासारखं त्याला काही सुचलं नाही.

कार्यालयातून दोन्ही बाजूंना बोलावणं आलं. मालक निर्धास्त होता. तो हॉलमध्ये सर्वांदेखत म्हणाला की त्या शनिवारी माझं काम झालं असेल तर मला त्यातला एक तरी नग दाखवा. सगळे टोपलीकडे बघायला लागले. टोपलीत नुसते अर्धे जबडे होते, आणि एकावरही चांदणी नव्हती.

दोन दिवसांनी पॉलिशवाला अक्कलदाढच्या घरी आला. चहा झाला, हवापाणी झालं. मग त्याने खुर्ची पुढे ओढली.

“तुझी एकच शिल्लक आहे,” तो म्हणाला. “तिच्यावर त्याने चांदणी उठवलीय का?”

अक्कलदाढने खिडकीबाहेर बघितलं आणि पाहावं लागेल असं सांगितलं. त्याला खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे त्याचे कान लाल झाले. पॉलिशवाल्याने ते कान बघितले. तो समजूतदार माणूस होता. त्याने आवाज चढवला नाही. मेणवाल्या बाईचं शेजारणीशी बोलणं बंद झालंय ते त्याने सांगितलं, स्वतःच्या कात्र्यांचं सांगितलं आणि मग दुसरी बाजूही आपणच मांडली, की चांदणी असली तर माल मालकाचा ठरणार, आणि माल त्याचा ठरला तर तो परत मागणार. तेव्हा बघ बाबा, तुझं तू ठरव.

आतल्या खोलीत शेंगदाण्यांचा आवाज थांबला होता. कधी थांबला ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

नंतरचे दिवस अक्कलदाढने वाईट काढले. सोबत्यांच्या ताटात माती कालवायची की सासूच्या तोंडातला घास काढायचा, एवढाच प्रश्न होता, आणि त्याला तिसरी बाजूच नव्हती. कारखान्यात त्याने एकाच कवळीत सुळे उलटसुलट बसवले. घरी सासूबाई कडक पावाच्या कडा, सफरचंद, गाजर असलं मुद्दाम वेचून खात होत्या आणि प्रत्येक घासाबरोबर लेकीमार्फत तक्रार करत होत्या, की जिभेला लागतं ते अजून तसंच आहे, तुझ्या नवऱ्याला घासायला काय होतं.

खरं तर तेवढंच करायचं होतं. एका सकाळी सासूबाई न्हाणीघरात असताना कवळी वाटीत पाण्यात पडली होती. अक्कलदाढने ती काढली. अंगठ्याखाली चांदणी लागली, पाचही टोकं स्वच्छ. खिशात घासपेपरचा तुकडा होता. दोन हात मारले की चांदणी गेली असती, सासूबाईंची तक्रार गेली असती आणि कोणालाही कधी काही कळलं नसतं. तो तसाच उभा राहिला. दुसऱ्याच्या शिक्क्यावर कानस फिरवायची नाही ही हाताची सवय आड आली की पॉलिशवाल्याचा चेहरा आड आला, ते त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही. न्हाणीघरातला पाण्याचा आवाज थांबला. त्याने कवळी पुन्हा वाटीत सोडली, पण घाईत उताणी सोडली. सासूबाई ती नेहमी पालथी ठेवत.

कार्यालयात जायच्या दिवशी तो निघाला तर सासूबाई नवं लुगडं नेसून दारात तयार. ‘तुझ्या नवऱ्याला सांग,’ त्या लेकीला म्हणाल्या, ‘मी पण येते आहे.’ कशाला, हे विचारायची सोय नव्हती, कारण लेकीलाही ते माहीत नव्हतं.

कामगार कार्यालयातल्या अधिकारीबाईंना सर्दी झाली होती. टेबलावर फायली, फायलींवर रुमाल, आणि डोक्यावर करकरणारा पंखा. बाई चिडक्या नव्हत्या, प्रेमळही नव्हत्या. त्या एकेकाला एकच प्रश्न विचारत होत्या, की शनिवारी स्वखुशीने गेलात का. पॉलिशवाला म्हणाला, नाही, भीतीने गेलो. मेणवाल्या बाई म्हणाल्या, पोरं टाकून कोण स्वखुशीने जातं. सगळ्यांची उत्तरं अशीच निघाली आणि मालक मान हलवत ऐकत राहिला. मग अक्कलदाढची पाळी आली.

“मी स्वखुशीने गेलो,” तो म्हणाला.

पॉलिशवाल्याने डोळे मिटले. मालक खुर्चीत मागे रेलला. बाईंनी वर पाहिलं आणि पुन्हा विचारलं, तरी उत्तर तेच. सासूबाईंचे दात करायचे होते म्हणून गेलो, सक्ती नसती तरी गेलो असतो, असं त्याने सरळ सांगून टाकलं. खरं होतं ते सांगितलं आणि सोबत्यांच्या घरांवर नांगर फिरवल्यासारखा मान खाली घालून उभा राहिला.

बाईंनी नाक पुसलं. त्या म्हणाल्या की एखाद्याला काम आवडतं म्हणून ते काम नसतं असं होत नाही. त्यांना मनातलं नकोय. तिथे कारखान्याचं काम झालं का, ते सिद्ध करणारं काही असेल तर दाखवावं. मालक लगेच म्हणाला की काही नाही, सगळे नग कापून टाकलेत. बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

“एक आहे,” अक्कलदाढ म्हणाला.

तो मागे वळला. बाकावर सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, पिशवीतून स्वच्छ रुमाल काढला, तोंडाला लावला, आणि रुमालात खालची कवळी घेऊन टेबलापाशी आल्या. ती पुसली आणि बाईंच्या फायलीवर चांदणी वर करून ठेवली. नवीन लुगडं नेसलेल्या सासूबाईंचा चेहरा एका क्षणात दहा वर्षं म्हातारा झाला, आणि चार माणसांत हे होणार हे ठाऊक असून त्या आल्या होत्या.

अधिकारीबाईंनी पेनाने चांदणी दाखवून हा शिक्का कोण मारतं, असं विचारलं.

हा प्रश्न मालकाला आयुष्यभर आवडत आलेला. तो ताठ झाला.

“माझ्याशिवाय कोणी मारत नाही.”

“कसल्या मालावर मारता?”

“माझ्या,” मालक म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याला ऐकू आलं.

पुढचं सगळं झटपट झालं. ज्या दुपारी माणसं मालकाचा माल करत होती त्या दुपारींचा पगार सगळ्यांना द्यावा, असं बाईंनी लिहिलं. माल ज्याचा आहे त्याचा त्याने घेऊन जावा, असंही लिहिलं. मग त्यांना सलग तीन शिंका आल्या आणि सुनावणी संपली. मालकाने कवळी हातात घेतली, जरा घुटमळला. एवढ्या मोठ्या जगात ती एकाच जबड्यात बसणार होती आणि तो जबडा समोर उभा होता. तो उदारपणे म्हणाला, राहू द्या आजी, तुम्हाला दिली. सासूबाईंनी मान हलवली. दुसऱ्याचे दात तोंडात घालून मी जेवणार नाही, असं त्यांनी लेकीला सांगितलं, आणि लेकीने ते मालकाला सांगितलं, जरी मालक दोन हातांच्या अंतरावर उभा होता.

बाहेर जिन्यात पॉलिशवाल्याने अक्कलदाढच्या पाठीवर हात ठेवला आणि काढून घेतला. सगळे पुढे गेले. सासूबाई कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होत्या. लेक रिक्षा बघायला रस्त्यावर गेलेली. मधे निरोप न्यायला कोणीच नव्हतं. अक्कलदाढ दोन पायऱ्या खाली थांबला.

“दात चांगले होते, जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या.

खालच्या दातांशिवाय ते शब्द नुसत्या हवेसारखे निघाले, पण त्याला सगळे ऐकू आले. त्याने मान हलवली. त्याला रडू येत होतं आणि जिन्यात रडायची त्याची तयारी नव्हती, म्हणून त्याने त्यांची पिशवी घेतली.

त्या शनिवारांचे पैसे पुढच्या पगारात आले आणि तसेच्या तसे दातांचं सामान विकणाऱ्या दुकानात गेले. रविवारी त्याने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. माप घेतलं, ओट्यावर साचा ओतला, मेण तापवलं, आणि गुलाबी पूड बायकोच्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात शिजवली. ते पातेलं नंतर तिने दुधाला कधी वापरलं नाही. एका रविवारी जमलं नाही, दुसऱ्या रविवारीही नाही. या रविवारांबद्दल कोणी त्याला स्वखुशी आहे का म्हणून विचारलं नाही. जी जमली ती कवळी घासूनपुसून झाल्यावर त्याने आतून अंगठा फिरवला. आरशासारखी गुळगुळीत होती.

सासूबाईंनी ती बसवली, साठपासून शंभरपर्यंत आकडे म्हटले आणि शेंगदाण्यांची वाटी घेऊन आतल्या खोलीत गेल्या. अक्कलदाढने वर्तमानपत्र उचललं. बराच वेळ आतून नुसता चावण्याचा आवाज येत होता. मग तो थांबला.

“तुझ्या नवऱ्याला सांग,” आतून आवाज आला, “जिभेला काही लागतच नाही. चुकल्या चुकल्यासारखं वाटतं.”

बायको न्हाणीघरात होती. अक्कलदाढने खिशातून कोरणी काढली आणि सासूबाईंसमोर हात पसरून उभा राहिला.